खानापूर ते बेळगाव, वाटेत साखर कुठे गळते? ग्लुकोजच्या अचूकतेसाठी एनएमआर लावावं का?

खानापूर_लॅब

एकाच माणसाचे, एकाच सकाळचे उपाशीपोटीचे तीन आकडे समोर ठेवतो. बोटातून ग्लुकोमीटरवर १३८ (सगळे आकडे मिग्रॅ/डेसीलि). शिरेतलं रक्त खानापुरातच अर्ध्या तासात सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून जीओडी-पीओडी किटवर (एन्झाइमने रंग आणून मोजणारं) १२९. त्याच टोचणीत भरलेली दुसरी ट्यूब, लाल टोपीची, न फिरवता डब्यात ठेवलेली, दोनेक तासांनी बेळगावात हेक्झोकायनेज या दुसऱ्या एन्झाइमच्या पद्धतीने लागली तेव्हा ११४. उपाशीपोटी १२६ आणि त्यावर म्हणजे मधुमेह, त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांत माणूस आजारी आणि तिसऱ्यात 'काठावर'.

तिघांत पंच म्हणून एनएमआर, म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन, वापरायचा विचार आहे. त्यात एन्झाइम नाही, रंग नाही, रेणू थेट मोजले जातात असं वाचलंय. साधारण ४० नमुने बाहेर पाठवता येतील. प्रश्न असे:

कुठली ट्यूब, किती रक्त? किती मेगाहर्ट्झचं मशीन लागतं, टेबलावर बसणारं ६० चं चालेल का? कुठली रेघ मोजायची आणि कशाशी तोलायची? शेवटचं म्हणजे, आरोग्य शिबिरांतून 'मॅग्नेटिक रेझोनन्स'च्या नावाने हातात दांडी धरून साखर सांगणारी मशीनं फिरताहेत. तत्त्व हेच का? लोक विचारतात आणि उत्तर द्यावं लागतं.

वर्णपट_६००

चुंबकाचं मी सांगतो, रक्ताचं दुसरं कुणी सांगेल.

आधी अडचण किती मोठी ते बघा. १०० मिग्रॅ/डेसीलि म्हणजे ग्लुकोज साधारण ५.५ मिलिमोल. पाण्यात ग्लुकोज दोन रूपांत असतं, अल्फा सुमारे ३६ टक्के आणि बीटा ६४ टक्के. अल्फाचा पहिल्या कार्बनवरचा प्रोटॉन ५.२३ पीपीएमला (वर्णपटात रेघेची जागा सांगायचं एकक) दुहेरी रेघ देतो, बीटाचा ४.६४ ला. म्हणजे अल्फाची रेघ जेमतेम २ मिलिमोलची. त्याच प्लाझ्मातल्या पाण्याचे प्रोटॉन १ लाख मिलिमोलच्या आसपास. एकास पन्नास हजार. सगळी कसरत या पन्नास हजाराला गप्प बसवून एकाला ऐकायची.

बीटाचा वाटा मोठा, म्हणून तीच रेघ मोजावी असं कुणालाही वाटेल. खरं ती पाण्याला चिकटून आहे. पाण्याची रेघ तापमानाबरोबर सरकते, अंशाला साधारण ०.०१ पीपीएम. २५ अंशाला ती ४.७६ च्या आसपास असते, ३७ अंशाला ४.६४ च्या जवळ, म्हणजे नेमकी बीटाच्या डोक्यावर. पाणी दाबायला गेलात की बीटाही दबते. ३.२ ते ३.९ च्या पट्ट्यात ग्लुकोजच्या बाकीच्या रेघा आहेत, पण तिथे आठवडी बाजार भरलेला असतो. अमिनो आम्लं तिथे, ग्लिसरॉल तिथे, टोचण्याआधी लावलेला स्पिरिट न वाळता सुईबरोबर आत गेला तर इथेनॉलही तिथेच, ३.६५ ला. म्हणून मोजायची ती ५.२३ चीच.

मशीन किती मोठं, याचं उत्तर इथूनच निघतं. ५.२३ आणि पाणी यांत ३७ अंशाला सुमारे ०.६ पीपीएमचं अंतर. ६०० मेगाहर्ट्झवर ते ३६० हर्ट्झ होतं, ४०० वर २४०, आणि टेबलावरच्या ६० वर फक्त ३६. या ३६ हर्ट्झमध्ये पाण्याच्या रेघेचा पायथा पसरलेला असतो. साखरेच्या पाकात ६० चालेल, रक्तात नको. ४०० वर काम होतं, ६०० असेल तर निर्धास्त. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत आणि पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) असली मशीनं आहेत.

प्लाझ्मा तसाच ट्यूबमध्ये घालू नका. ५.३ पीपीएमला चरबीतल्या दुहेरी बंधांची रुंद टेकडी असते आणि तिचा उतार ५.२३ च्या रेघेखाली येतो. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात ग्लुकोज त्यामुळे फुगून दिसतं. सीपीएमजी नावाचा रेडिओ-पल्सचा क्रम लावून ही टेकडी छाटतात, पण त्यात ग्लुकोजची रेघही थोडी झिजते. नमुन्यांची आपसांत तुलना करायची तर ते चालतं, पंचाला चालत नाही. प्रथिनं काढून टाकणंच बरं:

६०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, त्यात गार मिथेनॉल १२०० मायक्रोलिटर. जोरात ढवळा, उणे २० अंशाला २० मिनिटं, मग १३,००० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर) २० मिनिटं फिरवा. वरचं निवळ १२०० मायक्रोलिटर उचला आणि ४० अंशांच्या आत निर्वातात सुकवा. सुकलेलं ६०० मायक्रोलिटर फॉस्फेट बफरमध्ये विरघळवा, पीएच ७.४, साध्या पाण्याऐवजी जड पाण्यातलं, त्यात तोलायचं मानक म्हणून वजन करून घातलेलं मॅलेइक आम्ल. त्याची एकच रेघ ६ पीपीएमच्या जवळ येते, तिथे रक्तातलं दुसरं काही नसतं. मिथेनॉल थोडं उरलंच तर ३.३५ ला दिसेल, ५.२३ ला त्रास नाही.

मिथेनॉलऐवजी ३ किलोडाल्टनची गाळणी वापरणार असाल तर तिच्या पडद्याला ग्लिसरॉल लावलेलं असतं. पाच-सहा वेळा पाण्याने धुवून, फिरवून घ्या, नाहीतर ३.५५ ते ३.८ मध्ये मोठमोठी शिंगं उगवतात. आणि टीएसपी हे नेहमीचं मानक अख्ख्या प्लाझ्मात घालू नका. ते अल्ब्युमिनला चिकटतं, त्याची रेघ रुंद होऊन खाली बसते, आणि मानक कमी दिसलं की ग्लुकोज आपोआप जास्त दिसतं. एनएमआरमध्ये ग्लुकोज चुकायचं हे बरंच नेहमीचं कारण आहे.

पल्स ९० अंशाची असेल तर दोन पल्समधली विश्रांती सर्वांत लांब टी१ च्या (पल्सनंतर प्रोटॉनला सावरायला लागणारा वेळ) पाचपट ठेवा. टी१ पुस्तकातून घेऊ नका, त्याच नमुन्यावर मोजा. समजा मॅलेइकचा ४ सेकंद निघाला, तर विश्रांती २० सेकंद, नोंदणी धरून एक फेरी सुमारे २४, आणि ६४ फेऱ्यांना साधारण २५ मिनिटं. घाईने विश्रांती ५ सेकंद ठेवली की मॅलेइक पुरतं सावरत नाही, ग्लुकोज सावरतं, आणि आकडा पुन्हा वर. रेघेची उंची गोंगाटाच्या निदान १५० पट असावी, तरच एका टक्क्याची भाषा करता येते.

३६ टक्क्यांनी भागून हिशेब करण्यापेक्षा प्लाझ्मातच ग्लुकोज वाढवून सरळ रेषा काढा. एकाच प्लाझ्माच्या चार वाट्या, प्रत्येकी १ मिलि. पहिलीत २० मायक्रोलिटर पाणी, बाकी तिघींत २० मायक्रोलिटर ग्लुकोजचं द्रावण, मिलिलिटरला २५, ५० आणि ७५ मिग्रॅ. म्हणजे ५०, १०० आणि १५० मिग्रॅ/डेसीलि वाढ. चारही त्याच मिथेनॉलच्या वाटेने न्या. प्रथिनांनी व्यापलेली जागा, मिथेनॉल-पाणी मिसळताना होणारं आकुंचन, पाणी दाबताना अल्फाला बसलेला फटका, हे सगळं त्या रेषेच्या उतारात आपोआप धरलं जातं. द्रावण मात्र आदल्या दिवशी करून रात्रभर ठेवा. कोरडं ग्लुकोज बहुतेक अल्फा असतं, विरघळल्यावर ३६-६४ ला यायला तास लागतात. ताजं वापरलंत तर अल्फा जास्त भरेल आणि सगळं गणित वाकडं.

निपाणी_एमएलटी

वर्णपट सर, चुंबकाकडचं चोख आहे. पण खानापूरकर, तुमची साखर चुंबकापर्यंत पोचतच नाही, आधीच खाल्ली जातेय.

ट्यूबमधल्या तांबड्या पेशी मेलेल्या नसतात. न फिरवलेल्या रक्तात खोलीच्या तापमानाला त्या तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज खातात. १२९ चा दोन तासांत ११४ झाला, म्हणजे १२ टक्क्यांच्या जवळपास. हिशेब तंतोतंत जुळतो. बेळगावच्या हेक्झोकायनेजची यात काहीच चूक नाही, जे पोचलं ते त्यांनी बरोबर मोजलं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील किंवा एप्रिलमध्ये डबा गाडीच्या टपावर असेल तर घट याहून जास्त.

"मग राखाडी टोपीची फ्लोराईड ट्यूब वापरतो" असं लगेच म्हणाल. वापरा, पण तिच्यावर विसंबू नका. फ्लोराईड ज्या एन्झाइमला, इनोलेजला, अडवतं ते साखर फोडायच्या साखळीत फार शेवटी आहे. वरच्या पायऱ्या चालूच राहतात, आणि घट पुरती थांबायला एक ते दोन तास जातात. नंतर मात्र आकडा दिवसभर टिकतो. म्हणून फ्लोराईडवर दोन तासांनी आणि चोवीस तासांनी मोजलेले आकडे छान जुळतात आणि सगळ्यांना ती निर्दोष वाटते. पहिल्या तासात गेलेलं कुणी बघत नाही. सायट्रेट असलेली ट्यूब रक्त आंबट करून साखळीच्या अगदी पहिल्या पायऱ्यांनाच अडवते, म्हणून ती जवळजवळ लगेच काम करते. मिळाली तर तीच घ्या.

खानापुरात सेंट्रीफ्यूज आहे ना? मग सरळ उपाय हा. रक्त काढल्याबरोबर ट्यूब बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून केलेल्या लगद्यात उभी बुडवा. नुसते बर्फाचे खडे नकोत, त्यांच्यामध्ये हवा राहते आणि ट्यूब हळू गार होते. ३० मिनिटांच्या आत फिरवा, १५०० ते २००० जी, १० मिनिटं. वरचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत काढा, पेशींच्या थरापासून अर्धा सेंटिमीटर वरच थांबा. पेशी गेल्या की खाणारं कुणी उरत नाही. असा स्वच्छ प्लाझ्मा २५ अंशाला आठ तास, ४ अंशाला तीन दिवस टिकतो. एवढं केलंत तर कोरड्या बर्फाचीही गरज नाही, बर्फाच्या पाकिटांत रात्रीच्या बसने पुण्याला सकाळी सुखरूप पोचेल. उशीर होणार असेल तर आधी उणे २० ला गोठवा.

ट्यूब खुणेपर्यंत भरा. ४ मिलिच्या फ्लोराईड ट्यूबमध्ये २ मिलि रक्त घातलंत तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, प्लाझ्मा पातळ होतो आणि वर पेशीही फुटतात. भरल्यावर आठ-दहा वेळा सावकाश उलटीपालटी करा, हलवून घुसळू नका.

एनएमआरला जाणाऱ्या नमुन्याचं आणखी एक. जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब पाठवू नका. ईडीटीएच्या स्वतःच्या रेघा ३.२ आणि ३.६ च्या आसपास येतात, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जोडलेल्याच्या २.५ ते २.७ मध्ये. फ्लोराईड-ऑक्झॅलेटमध्ये मोजता येईल असा प्रोटॉनच नाही, म्हणून ती राखाडी ट्यूब या कामाला सगळ्यांत गप्प. सायट्रेट २.५ ते २.७ ला बोलतं, ५.२३ पासून लांब आहे, म्हणून चालेल. द्रव सायट्रेट असेल तर पातळ झाल्याचा गुणक लावायला विसरू नका.

मीटरचं १३८ चूक आहे असं लगेच म्हणू नका. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या नियमाप्रमाणे १०० आणि त्यावर ±१५ टक्के, १०० च्या खाली ±१५ मिग्रॅ, ९५ टक्के वेळा. १२९ ला ही हद्द ११० ते १४८, म्हणजे मीटर हद्दीतच आहे. वरच्या बाजूला का झुकला ते बघायचं तर रुग्णाचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, ते बघा. रक्तक्षय असेल, हिमॅटोक्रिट ३० च्या खाली असेल, तर बऱ्याच पट्ट्या जास्त दाखवतात. पेशी कमी म्हणजे पट्टीत झिरपायला प्लाझ्मा जास्त. आपल्याकडे बाळंतिणींत हे फार वेळा दिसतं. आणि हात धुतले होते का? बोटाला कुंद्याचा चिकटा राहिला असेल तर मीटरचा दोष नाही. स्पिरिटने पुसून साखर जात नाही, पाण्याने धुवून कोरडं करा, दुसरा थेंब घ्या. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने एन्झाइम मरतं, ते आणखी वेगळं.

खानापूर_लॅब

सेंट्रीफ्यूज खानापुरात आहे, उपकेंद्रांत नाही. आणि वीज सकाळी नऊच्या सुमारास हटकून जाते. ४० नमुने पुरतील का? आकड्यांचं काय करायचं ते पण कुणी सांगा. आमच्याकडे आजवर 'कोरिलेशन ०.९८ आलं' एवढ्यावरच किट घेतलं गेलंय.

संख्या_चिकोडी

०.९८ ने काहीच सिद्ध होत नाही. एक मीटर प्रत्येक वेळी बरोबर २० मिग्रॅ जास्त दाखवत असेल तर कोरिलेशन १ येईल. प्रत्येक नमुन्याला दोन पद्धतींमधला फरक उभ्या अक्षावर आणि दोहोंची सरासरी आडव्या अक्षावर मांडा. ठिपक्यांचा पट्टा आडवा पण शून्याच्या वर असेल तर चूक ठरावीक आहे, उदाहरणार्थ कोऱ्या द्रावणाची वजाबाकी राहिली. आकड्याबरोबर उघडत जात असेल तर चूक प्रमाणात आहे, म्हणजे मानक चुकलं किंवा पिपेट. दोन्ही पद्धतींत चूक असते, तेव्हा साधी रिग्रेशन नको, डेमिंग लावा.

४० पुरतात, पण ते ४० कुठले हे महत्त्वाचं. सगळे ९० ते १४० मधले घेतले तर काही कळणार नाही. पाच-सहा ७० च्या खाली, तेवढेच ३०० च्या वर, बाकी मध्ये पसरलेले. ७० च्या खालचे मिळत नसतील तर रक्त न फिरवता मुद्दाम काही तास ठेवून साखर उतरवतात, ते मान्य आहे. पेशी इथे उपयोगी पडतात. प्रत्येक नमुना दोनदा मोजा, आणि दुसऱ्यांदा मोजताना क्रम उलटा.

पण एनएमआरचे पैसे भरण्याआधी फुकटातला एक प्रयोग करा. एका माणसाचं रक्त एकाच टोचणीत आठ ट्यूबमध्ये, चार लाल आणि चार राखाडी. दोन्हींतली एकेक लगेच बर्फात घालून फिरवा, बाकीच्या तुमच्या नेहमीच्या डब्यात ठेवून एक, दोन आणि चार तासांनी. सगळ्यांचा प्लाझ्मा-सीरम जमा करून एकाच बैठकीत, एकाच किटवर लावा. लाल ट्यूबची रेषा उतरली आणि राखाडीची पहिल्या दोन तासांत थोडी उतरून मग सपाट झाली, तर तुमच्या तीन आकड्यांचं भांडण मिटलं. पंच बोलवायची गरजच नाही.

वर्णपट_६००

चिकोडीकर म्हणतात ते खरं आहे, मी स्वतः चुंबकवाला असूनही. एनएमआरची खरी गरज दोन ठिकाणी. एक, पट्टी कशाला तरी फसतेय असा संशय असेल तेव्हा. काही पट्ट्यांतलं जीडीएच-पीक्यूक्यू एन्झाइम माल्टोजलाही ग्लुकोज समजतं, आणि पोटातून डायलिसिस चालू असलेल्या रुग्णाच्या द्रावणातलं इकोडेक्स्ट्रिन फुटून माल्टोज होतं. मीटर १८० सांगतो आणि माणूस साखर उतरून बेशुद्ध पडतो. वर्णपटात माल्टोजची रेघ ५.४० ला स्वतंत्र उभी दिसते. दुसरं, किट बरोबर चाललंय का हे बघायला घरी ठेवलेल्या तपासणी-सीरमला आकडा नेमून द्यायचा असेल तेव्हा. त्यासाठी ४० नाही, पाच-सहा नमुनेच पाठवा, प्रत्येकी १ मिलिच्या दोन नळ्या. नियमित तपासणीला हे परवडणारं नव्हेच.

हातात धरायच्या दांडीबद्दल. अनुस्पंदनाला तीन गोष्टी लागतात, एकसारखं चुंबकीय क्षेत्र, त्या क्षेत्राशी जुळणारी रेडिओ लहर आणि ती परत ऐकणारं वेटोळं. प्रोटॉनला १ टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. दांडीत चुंबकच नसेल तर उरतं पृथ्वीचं क्षेत्र, टेस्लाच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे दोनेक किलोहर्ट्झ. तिथे पाण्याची रेघ ऐकायलाही बाटलीभर पाणी आणि गोंगाटापासून लांबची जागा लागते. त्यात २ मिलिमोल साखर? दांडी त्वचेतून जाणारा वीजप्रवाह मोजते, आणि अहवाल तुम्ही भरलेल्या वय-उंची-वजनावरून छापला जातो. कुणाला पटवायचं असेल तर त्याच माणसाला पाच मिनिटांनी दुसरं वय घालून पुन्हा बसवा. ओलं फडकं गुंडाळून धरलं तरी अहवाल येतो.

संशोधनात खरोखर जे चालतं ते वेगळं आहे. २०१३ साली ग्लुकोसेस्ट नावाची एमआरआय पद्धत प्रसिद्ध झाली. ग्लुकोजचे ओएच गटातले प्रोटॉन पाण्याशी अदलाबदल करतात, त्याचा फायदा घेऊन गाठीत साखर किती शोषली जाते हे दिसतं. २०१८ मध्ये जड हायड्रोजन लावलेलं ग्लुकोज पाजून मेंदूत त्याचं काय होतं ते टिपलं गेलं. दोन्ही ऊतींतलं चित्र देतात, लाखो-कोटींच्या मशीनमध्ये. रक्तातला मिग्रॅ/डेसीलि नाही.

निपाणी_एमएलटी

कायद्याचं पण सांगून ठेवते, कारण शिबिरवाले कागद दाखवतात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, त्याच्या निदानाची किंवा उपचाराची ठरावीक जाहिरात करता येत नाही. वैद्यकीय उपकरणं २०२० च्या १ एप्रिलपासून औषध कायद्याखाली आली आहेत, म्हणून उपकरणाचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक विचारा, आयएसओचं चकचकीत प्रमाणपत्र नव्हे. त्वचा न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळ-अंगठ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०२४ च्या फेब्रुवारीत इशारा दिला, असं एकही उपकरण त्यांनी मान्य केलेलं नाही म्हणून.

उपकेंद्रांसाठी सायट्रेटची ट्यूब, ती नसेल तर राखाडी ट्यूब आणि थर्मासमध्ये बर्फाचा लगदा. थर्मासचं तोंड रुंद हवं. नऊला वीज जात असेल तर रक्त साडेसातला काढा, सव्वाआठपर्यंत फिरवून मोकळे व्हाल.

खानापूर_लॅब

होय की, आठ ट्यूबचा प्रयोग येत्या सोमवारी लावतो. लाल ट्यूबमधलं रक्त गोठायलाच अर्धा तास घेतं, ती शून्य तासाला फिरवायची कशी?

संख्या_चिकोडी

चूक माझी. शून्य तासाच्या लाल ट्यूबऐवजी हिरव्या टोपीची हेपॅरिन घ्या, ती गोठायची वाट बघत नाही. तालुक्यात न मिळाल्यास बेळगावात मिळेल. बर्फात मात्र तीही लगेच.